मेल सर्व्हर तुंबलाय, विकत काय घ्यायचं?



मी इंजिनिअरिंग करून गेली बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आज उपदेश करायला उभा नाही. कामातल्या एका प्रश्नावर बोलणार आहे. तुमच्यापैकी बरेच जण डिप्लोमा, बीसीए, बीई करताहेत. उद्या गावातली एखादी शाळा, पतसंस्था किंवा ट्रस्ट तुम्हाला बोलावेल आणि विचारेल, "बेटा, तू कॉम्प्युटरचं शिकलायस ना? आमचा मेल सर्व्हर फार स्लो झालाय. नवीन मशीन घ्या म्हणतात. घ्यावी का?" तुमच्या उत्तरावर लोकांच्या वर्गणीचा पैसा खर्च होणार असतो. म्हणून हा विषय.

एका शिक्षण संस्थेचं उदाहरण घेतो, नाव सांगत नाही. ऑफिस सव्वाशे माणसांचं, मेल सर्व्हर स्वतःचा. शिष्यवृत्तीचे अर्ज मेलवर यायचे. सोमवारी सकाळी पाठवलेला मेल दुपारी दिसायचा. मुदतीच्या दिवशी पाठवलेला अर्ज दुसऱ्या दिवशी दिसला, तर एखाद्या मुलीची वर्षाची फी अडकते. पुरवठादाराने कोटेशन दिलं होतं: नवा सर्व्हर, दोन प्रोसेसर, डिस्क मात्र जुन्याच पद्धतीच्या. ऑफिसात सगळा दोष हेडक्लार्क बाईंवर होता, त्या मोठमोठी अटॅचमेंट पाठवतात म्हणून. मोजलेलं कुणीच काही नव्हतं.

काय मोजायचं हे कळण्यासाठी आधी मेल सर्व्हर काय करतो ते पाहू. मेल पाठवण्याची एसएमटीपी ही पद्धत जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहून ठेवली. तिच्यात सर्व्हरने मेल घेतला की समोरच्याला '२५०' हा आकडा कळवायचा असतो. १९८९ च्या नियमावलीत याचा अर्थ स्पष्ट केला आहे: २५० म्हटलं की जबाबदारी तुमची. नंतर मशीन बंद पडली किंवा जागा संपली, या सबबीवर मेल हरवता येत नाही. म्हणून पोस्टफिक्ससारखा सर्व्हर २५० म्हणण्याआधी मेल डिस्कवर पक्का लिहून घेतो. मेमरीत ठेवून "झालं" म्हणत नाही. मग स्पॅम आणि व्हायरसची तपासणी, मग ज्याच्या त्याच्या मेलबॉक्समध्ये पुन्हा लिहिणं, मग सूची बदलणं, शिवाय लॉग. एका छोट्या मेलसाठी डिस्कवर वेगवेगळ्या जागी कितीतरी बारीक लिखाण होतं. त्याच वेळी सव्वाशे माणसं ऑफिसात येऊन मेलबॉक्स उघडतात, कॉम्प्युटरवरही आणि मोबाईलवरही.

आता लोड या आकड्याबद्दल. त्या सर्व्हरला आठ कोअर होते आणि लोड तीसच्या वर जायचा. पुरवठादार म्हणाला, बघा, प्रोसेसर कमी पडतोय. ऐकायला बरोबर वाटतं. पण लिनक्समधला लोड फक्त प्रोसेसरची रांग मोजत नाही. डिस्ककडून उत्तर यायची वाट बघत थांबलेली कामंही त्यात धरली जातात.

रेशनचं दुकान आठवा. बिल लिहिणारे आठ जण बसलेत आणि वजनकाटा एकच आहे. बाहेर तीस माणसं उभी. रांग बघून तुम्ही बिल लिहिणारे आणखी आठ बसवले, तर रांग कमी होईल का? ते आठही काट्याकडे बघत बसतील. रांग किती लांब आहे हे लोड सांगतो. ती कशासाठी लागली आहे, ते वेगळं बघावं लागतं.

ते बघायची साधनं फुकट आहेत. 'टॉप' किंवा 'व्हीएमस्टॅट' लावा. प्रोसेसर कामात किती, रिकामा किती आणि डिस्कची वाट बघत किती, हे वेगवेगळे आकडे दिसतात. 'आयओस्टॅट' सांगतो की डिस्क किती टक्के वेळ गुंतलेली आहे आणि लिहिण्याच्या एका कामाला किती मिलीसेकंद थांबावं लागतं. हे एकदा बघून उपयोग नाही. आठवडाभर नोंद ठेवा, सोमवार सकाळसकट. आम्ही ठेवली. सकाळी दहा ते बारा प्रोसेसर बहुतेक वेळ नुसता थांबलेला होता आणि डिस्कला उसंत नव्हती.

असं का, याचा हिशेब कागदावर करता येतो. ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते. एका फेऱ्याला ८.३ मिलीसेकंद लागतात, म्हणजे हवी ती जागा खाली यायला सरासरी ४.२. त्यात डोकं सरकायला साधारण ८ ते ९ मिलीसेकंद. एका कामाला झाले जवळपास १३. म्हणजे सेकंदाला ८० च्या आसपास कामं. डिस्क कितीही टेराबाइटची असो, हा आकडा फारसा बदलत नाही.

त्या सर्व्हरमध्ये अशा चार डिस्क होत्या, रेड-५ मध्ये लावलेल्या. चार डिस्कची ३२० कामं व्हायला हवीत. पण रेड-५ मध्ये एका छोट्या लिखाणासाठी जुना डेटा वाचायचा, जुनी पॅरिटी वाचायची, नवा डेटा लिहायचा, नवी पॅरिटी लिहायची. एकाची चार कामं. ३२० ला चारने भागा, पुन्हा ८०. चार डिस्कचे पैसे देऊन लिहिण्याचा वेग एका डिस्कचा. त्याच चार डिस्क रेड-१० मध्ये लावल्या तर एकाची दोनच कामं होतात, म्हणजे १६०. फाइल साठवायला रेड-५ ठीक आहे, मेलसाठी नाही.

मग खरेदी काय करायची? माझा क्रम सांगतो.

पहिलं, बिनपैशाचं. नको ते काम दारातच थांबवा. त्या संस्थेत पुढे एक फिल्टर सर्व्हर होता. खऱ्या पत्त्यांची यादी त्याला दिलेलीच नव्हती. म्हणून अस्तित्वात नसलेल्या पत्त्यांवरचे स्पॅमही तो घ्यायचा, आणि नंतर 'असा पत्ता नाही' हे खोट्या पाठवणाऱ्यांना कळवत बसायचा. ते मेल कुठेच पोचत नाहीत, आणि पोस्टफिक्स नेमात बदल केला नसेल तर पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो. रांगेतला मोठा भाग हाच होता. यादी दिली आणि तो गाळ एका आठवड्यात गेला. बॅकअप ऑफिसच्या वेळेत चालतो का, तेही बघा. आमच्याकडे चालत होता. तो रात्री नेला.

दुसरं, रॅम. स्वॅप वापरला जात असेल तर आधी रॅमच घ्या, बाकीचं नंतर. क्लॅमएव्हीसारखा व्हायरस तपासनीस एकटाच एक जीबीपेक्षा जास्त मेमरी घेतो. उरलेली रॅम लिनक्स वाचलेल्या फाइली जवळ ठेवायला वापरतो, त्यामुळे मेलबॉक्स उघडणं झटपट होतं. पण पक्कं लिखाण शेवटी डिस्कवरच जातं. तिथे रॅमचा फायदा थोडाच.

तिसरं, एसएसडी. तिच्यात फिरणारं काही नसतं आणि साधीसुद्धा सेकंदाला हजारो कामं करते. मात्र वीज गेली तर हातातलं लिखाण पूर्ण करणारे कपॅसिटर असलेली, सर्व्हरसाठीची घ्या. आपल्याकडे वीज जातेच. दोन घ्या आणि एकीची नक्कल दुसरीवर राहू द्या. शिवाय बॅकअप वेगळा हवा. चुकून पुसलेला मेल दोन्ही डिस्कवरून एकदमच जातो.

चौथा प्रोसेसर. स्पॅम तपासणीत तो खरोखर भरलेला दिसला तरच. तपासणीच्या एकाच वेळी किती प्रती चालू द्यायच्या, ही मर्यादा त्याआधी घालून बघा.

संस्थेने दोन एसएसडी आणि रॅम घेतली. नवा सर्व्हर घेतला नाही. सोमवारचे मेल लगेच दिसू लागले. मेल स्वतः सांभाळायचा की दर माणशी महिन्याचं भाडं भरून बाहेर द्यायचा, हाही रास्त प्रश्न आहे. सांभाळणारं माणूस नसेल तर बाहेर दिलेला बरा. पण ते ठरवायलाही हेच आकडे लागतात.

आणि हेडक्लार्क बाई? लॉग काढला. मोठी अटॅचमेंट मेलमध्ये घालताना सुमारे एक तृतीयांशाने फुगते आणि सगळ्या ऑफिसला पाठवली तर प्रत्येकाच्या मेलबॉक्समध्ये पुन्हा लिहिली जाते, हे खरं. पण अशी परिपत्रकं महिन्यातून एकदोनदाच जायची. रोजच्या तुंबण्याशी त्यांचा संबंध नव्हता. तो लॉग मी सचिवांसमोर बाईंच्या हातात दिला. खरेदीइतकंच ते काम महत्त्वाचं होतं असं मला वाटतं. यंत्र अडलं की दोष सगळ्यात खालच्या माणसावर ढकलायची आपल्याला सवय आहे. आकडे समोर ठेवले की ते जरा अवघड होतं.

तेव्हा कोणी तुमच्यासमोर कोटेशन ठेवलं, तर सही होण्याआधी तीन ओळी लिहून मागा. गर्दीच्या वेळी प्रोसेसर किती गुंतलेला असतो, स्वॅप होतो का, आणि डिस्कवर एका लिखाणाला किती मिलीसेकंद लागतात. हे आकडे नसतील, तर आठवडाभर थांबायला सांगा. मोजायला एक रुपयाही लागत नाही. आणि आकडे काढायचं काम पुरवठादारावर सोडू नका, तुम्ही स्वतः करा. ते तुम्हाला जमण्यासारखं आहे.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.