कपातीची नोटीस आणि कामगाराचा संयम

कपातीची वार्ता कळताच कामगाराचा संताप उसळावा, हे स्वाभाविक आहे. परंतु रागाच्या भरात केलेली शिवीगाळ म्हणजे मालकाच्या हाती आयते दिलेले गैरवर्तनाचे प्रकरण; आणि त्यासाठी बडतर्फ झालेल्यास कपातीची भरपाई मिळत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगारास एक महिन्याची नोटीस वा तितके वेतन, शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन देऊ केले. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ते राखले. (कपातीपूर्वी सरकारी परवानगीचे बंधन मात्र तिने १०० ऐवजी ३०० कामगारांच्या कारखान्यांपासून लावले. मालकवर्गाचे हे लाड जुनेच!)

याहून मोठा सापळा राजीनाम्याचा. स्वेच्छेने सोडलेली नोकरी कायद्याच्या लेखी कपात नव्हेच. २०१७ साली पुण्यातील संगणक-उद्योगात सक्तीच्या राजीनाम्यांच्या तक्रारी कामगार खात्यापर्यंत गेल्या. तेव्हा हजेरी व काम शेवटच्या दिवसापर्यंत चोख ठेवावे, नेमणूकपत्र व पगारपत्रके जपावीत, आणि पुढे केलेल्या कागदावर तिथल्या तिथे सही करू नये. युनियनच्या कार्यकर्त्याने त्याच संध्याकाळी त्याच्या घरी जावे. तो कागद दोघांनी मिळून वाचावा.