छातीतील जळजळ आणि पोटातील व्रण



‘मला ॲसिडिटी आहे’ असे सांगणाऱ्या मनुष्याला नेमके काय होते, याचा उलगडा पहिल्या वाक्यात डॉक्टरलाही होत नाही. कोणाला आंबट ढेकर येतात, कोणाची छाती जळते, कोणाला बेंबीच्या वर दुखते. आणि या सर्वांस आपण एकच नाव देऊन मोकळे होतो. त्या एका नावाखाली निदान दोन निराळे विकार नांदत असतात. त्यांची कारणे वेगळी, उपाय वेगळे, आणि धोकेही वेगळे.

जठरातील आम्ल चांगलेच तीव्र असते. पण जठराला आतून बुळबुळीत अस्तर असते, म्हणून ते स्वतः जळत नाही. अन्ननलिकेला असे संरक्षण नाही. ती जठराला मिळते तेथे स्नायूंचे एक कडे असते. घास आला की ते उघडते, घास गेला की मिटते. हे कडे सैल पडले, किंवा भलत्या वेळी उघडू लागले, म्हणजे आम्ल वर चढते. हा पहिला विकार. यात आम्ल वाढलेलेच असते असे मुळीच नाही. ते नको त्या जागी गेलेले असते, एवढेच. दुसरा विकार व्रणाचा, म्हणजे अल्सरचा. येथे जठराच्या किंवा लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या अस्तरालाच जखम होते.

आता ओळखावयाचे कसे? आम्ल वर चढते तेव्हा जळजळ छातीच्या मधल्या हाडामागे होते व गळ्याकडे सरकते, तोंडात आंबट पाणी येते. भरपेट जेवून लवंडले, किंवा वाकून काही उचलू लागले, की ती वाढते. व्रणाचे दुखणे बहुधा खाली, बरगड्यांच्या बेचक्यात असते. पोखरल्यासारखे किंवा भुकेने कळवळल्यासारखे. व्रण आतड्यात असेल तर जेवल्यावर बरे वाटते, दोन-तीन तासांनी पुन्हा दुखू लागते आणि मध्यरात्री झोप मोडते. जठरातला व्रण पुष्कळदा खाल्ल्यावरच दुखतो. मात्र या खुणा पुस्तकात जितक्या स्वच्छ दिसतात तितक्या माणसात दिसत नाहीत, आणि काही व्रण तर मुळीच दुखत नाहीत. शिवाय छातीत दाटल्यासारखे होऊन घाम फुटला, दुखणे हाताकडे किंवा जबड्याकडे गेले, तर पोटाचा विचार सोडून तडक इस्पितळ गाठावे. ते हृदयाचे असू शकते.

पुष्कळ लोक म्हणतात, ‘गोळीने बरे वाटते, म्हणजे ॲसिडिटीच.’ हे अनुमान चुकीचे आहे. ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोल या गोळ्या आम्ल कमी करतात, म्हणून दोन्ही विकारांत आराम पडतो. दुखणे शमते, पण व्रणाचे मूळ तसेच राहते.

ते मूळ काय, याची कथा ऐकण्यासारखी आहे. चिंता, तिखट आणि जागरणे यांनी अल्सर होतो, असे सारे जग समजत होते. ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरी रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांना रोग्यांच्या जठरात वाकडे जंतू दिसत. ते बाहेर वाढविता येत नव्हते. 1982 साली ईस्टरच्या सुट्टीमुळे बशा नेहमीपेक्षा अधिक दिवस तशाच राहिल्या, आणि जंतू वाढलेले आढळले. तरी कोणी मानीना. तेव्हा 1984 साली मार्शलने ते जंतू स्वतःच पिऊन टाकले व जठराचा दाह ओढवून घेतला! 2005 साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा तो जंतू. आपल्या देशात तो फार पसरलेला आहे. तो ज्यांच्या पोटात असतो त्यांतल्या बहुतेकांना व्रण होत नाही, हेही खरे. पण ज्यांना होतो त्यांनी जंतुनाशक औषधांचा क्रम, बहुधा चौदा दिवसांचा, पुरा केला पाहिजे. चार दिवसांनी बरे वाटले म्हणून सोडू नये.

दुसरे कारण आपल्या घरातल्या डब्यात असते. गुडघे दुखतात म्हणून आपल्या आजी-आजोबांना दुकानातून आणून दिलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या, आणि ॲस्पिरिन. या गोळ्या अस्तराचे संरक्षणच कमी करतात. दुखणे न जाणवता व्रण होतो, आणि पहिली वार्ता येते ती रक्तस्रावाची. हृदयासाठी डॉक्टरांनी दिलेली ॲस्पिरिन मात्र आपल्या मनाने बंद करू नये, विचारावे.

शौच डांबरासारखे काळे व चिकट होणे, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे काळे पडणे, घास अडकणे, वजन विनाकारण उतरणे: यांपैकी काहीही दिसल्यास गोळ्यांचा प्रयोग थांबवून दुर्बिणीची तपासणी करावी. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, पण ते डॉक्टरांना ठरवू द्यावे. पोटात एकाएकी सुरी खुपसल्यासारखे दुखून पोट फळीसारखे कडक झाले, तर व्रण फुटला असण्याची शंका घ्यावी. तेथे तासाचाही विलंब परवडत नाही.

आम्ल वर चढत असेल तर पुष्कळसे आपल्या हाती आहे. जेवण आणि झोप यांत तीन तास असावेत, वजन उतरवावे, तंबाखू सोडावी. उशांची चळत रचू नये, त्याने कंबरेत वाकून पोट दाबले जाते; खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा घालाव्यात.

एका भगिनीची चिठ्ठी आली आहे: रात्री थंड दूध घ्यावे का? घोटभर दुधाने घटकाभर थंडावा वाटतो, पण दुधामुळे जठर पुन्हा आम्ल सोडू लागते. आवडते म्हणून संध्याकाळी घ्यावे, औषध म्हणून झोपताना नको.