दोन भग्न नगरांचे नाते

नगरांनी परस्परांना भगिनी मानण्याची प्रथा आज औपचारिक वाटते. सत्कार आणि शिष्टमंडळे यांपलीकडे तीत काही असते काय, या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडमधील कॉव्हेन्ट्री नगराच्या इतिहासात शोधता येते.

१४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी कॉव्हेन्ट्रीवर भीषण बॉम्बवर्षाव केला. मध्ययुगीन कॅथीड्रलच्या बाह्य भिंती आणि मनोरा एवढेच उरले. पुढे व्होल्गेच्या काठी स्टालिनग्राड होरपळू लागले, तेव्हा कॉव्हेन्ट्रीच्या आठशेहून अधिक स्त्रियांनी आपली नावे एका टेबलक्लॉथवर भरतकामाने उमटविली आणि वर्गणीसह तो तिकडे धाडला. जे स्वतः भोगले होते, तेच दुसऱ्याच्या वाट्यास आलेले त्यांनी ओळखले होते. १९४४ मध्ये, महायुद्ध चालू असतानाच, ही भगिनी-नगरे झाली.

याहून कठीण पाऊल पुढचे होते. फेब्रुवारी १९४५ मध्ये ब्रिटिश व अमेरिकन विमानांनी ड्रेस्डेन जाळले. १९५९ मध्ये कॉव्हेन्ट्रीने कालच्या शत्रूच्या त्या नगराशीही नाते जोडले.

अशी नाती युद्धे थोपवीत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. १९६१ मध्ये स्टालिनग्राडचे व्होल्गोग्राड झाले. आणि २०२२ मध्ये, रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर, कॉव्हेन्ट्रीने तो संबंध स्थगित केला. ठराव स्थगित होऊ शकतो. परंतु त्या स्त्रियांनी केलेले साहाय्य त्यामुळे पुसले जात नाही. उद्या कोणाला पुन्हा हात पुढे करावयाचा झाल्यास, आरंभ तेथूनच करता येईल.