डीव्हीडीच्या तुकड्यातला वर्णपटमापी

मिथिलीन ब्ल्यूच्या निळ्या द्रावणात टायटॅनियम डायऑक्साइडची पूड घालून ते अतिनील दिव्याखाली ठेवलं, की रंग हळूहळू उडतो. किती उडाला, हे नजरेवर सोडून चालत नाही, वर्णपटमापी लागतो. कॉलेजातला बहुधा कुलपात असतो.

घरी बनवायला अरुंद फट, काळा डबा, डीव्हीडीचा तुकडा आणि वेबकॅम पुरे. डीव्हीडीवरच्या खोबणी 0.74 मायक्रोमीटर अंतरावर, म्हणजे मिलिमीटरला साधारण 1350. सीडीवर जेमतेम 625. खोबणी दाट असल्या की रंग जास्त फाकतात, म्हणून डीव्हीडीच घ्या. अमेरिकेतल्या ‘पब्लिक लॅब’नं असा आराखडा सर्वांना खुला केला आहे. तरंगलांबी जुळवायला जुना सीएफएल दिवा लावा. त्यातल्या पाऱ्याची निळी रेघ 436 नॅनोमीटरला, हिरवी 546 ला. मिथिलीन ब्ल्यू 664 च्या आसपासचा तांबडा प्रकाश शोषतो, तेव्हा लक्ष तिथं ठेवायचं.

खरी गोम कॅमेऱ्यात आहे. तो आपल्या मर्जीनं उजेड कमीजास्त करतो. स्वयंचलित एक्स्पोजर बंद केलं नाही, तर सगळी मोजणी वाया. द्रावण पातळच ठेवा. आणि मोजण्याआधी पूड पूर्ण खाली बसू द्या, नाहीतर ती प्रकाश विखुरते आणि रंग आहे त्याहून गडद भासतो.