बासनातली प्रकरणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी एका इंग्रजी मालिकेविषयी चार शब्द बोलणार आहे. टीव्हीवरच्या मालिकेवर भाषण कसले, असे काहीजणींना वाटेल. पण थोडा धीर धरावा.

मुलीकडे लंडनला राहावयास गेले असता ‘न्यू ट्रिक्स’चे जुने भाग माझ्या पाहण्यात आले. बीबीसीने ही मालिका २००३ साली प्रथम दाखविली आणि २०१५ पर्यंत ती चालली. म्हाताऱ्या कुत्र्याला नवे खेळ शिकविता येत नाहीत, अशी इंग्रजीत म्हण आहे. तिच्यावरून हे नाव. उलगडा न झालेले गुन्हे वर्षानुवर्षे बासनात पडून असतात. ते पुन्हा तपासावयास लंडनचे पोलीस खाते तीन सेवानिवृत्त अधिकाऱ्यांना बोलावते, आणि त्यांच्यावर प्रमुख नेमते ती एक बाई, सँड्रा पुलमन. अमँडा रेडमन यांनी ती भूमिका फार ठसक्यात केली आहे.

हे तिघे काही साधुपुरुष नव्हेत. जॅक बागेत बसून मृत पत्नीशी बोलतो. ब्रायनची स्मरणशक्ती विलक्षण, पण दारूने त्याचा घात केलेला. जेरीचे तीन संसार मोडलेले, तरी त्या तिन्ही बायकांना रांधून वाढण्यात त्याला आनंद! पाहताना हसू येते आणि डोळेही भरतात.

नव्या शास्त्रामुळे जुन्या कपड्यावरचा डागही साक्ष देतो, हे खरे. पण कोणाचे कोणाशी वाकडे होते, हे सांगावयास जुनी माणसेच लागतात. आणि दप्तर उघडले की कधी चूक आपल्याच खात्यातल्या माणसाची निघते. तीही मान्य करावी लागते.

ते पाहताना मला माझे एक प्रकरण आठवले. मी शिक्षिका असताना वर्गातल्या एका मुलीवर पैसे चोरल्याचा आळ आला. मी चौकशी न करता तिला दिवसभर दाराशी उभी केली. आठ दिवसांनी ते पैसे दुसऱ्याच मुलीच्या वहीत सापडले. मी गप्प राहिले. बाईंनी मुलीची माफी मागावी, असा तेव्हा रिवाज नव्हता.

परत आल्यावर पत्ता मिळवून मी तिला पत्र लिहिले. ती आता पन्नाशीची आहे. तिचे उत्तर आले : “बाई, तेव्हा आईलाही माझे खरे वाटले नव्हते. तुमचे पत्र तिला वाचून दाखविले असते, पण ती गेल्या वर्षी वारली.”

भगिनींनो, साठी उलटली की घरचे म्हणतात, आता आराम करा. जरूर करावा. पण आपल्या बासनाची गाठ एकदा सोडून पाहावी. आणि ज्यांना वाचून दाखवावयाचे, ती माणसे आहेत तोवरच सोडावी.