शहाण्या मुलांची काळजी

(छत्रपती संभाजीनगर येथील शिक्षक-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी मानसशास्त्राचा अभ्यासक नाही. कला शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने पत्रकार आहे. 'किशोरवयीनांचे अंगभूत गुण आणि मानसिक आरोग्य' या विषयावर मी बोलावे असे संयोजकांना का वाटले, हे त्यांनाच ठाऊक. मात्र या विषयात माझ्या हातून एक चूक घडलेली आहे. तिच्यापासूनच आरंभ करतो.

३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जन आटोपून निजलेली किल्लारी परिसरातील गावे पहाटे चारच्या सुमारास दगडामातीखाली गाडली गेली. मी तेव्हा नुकताच पदवी घेऊन या शहरातील एका दैनिकात उमेदवारी करीत होतो. काही दिवसांनी मला तिकडे धाडण्यात आले. एका गावाच्या पत्र्याच्या छावणीत चौदा वर्षांचा एक मुलगा भेटला. त्याच्या घरातील तिघे गेले होते. गावात गल्ली उरली नव्हती, उंबरा उरला नव्हता. पण कोणत्या घरात किती माणसे निजत असत, हे त्या मुलाला तोंडपाठ होते. तलाठ्याच्या शेजारी बसून तो एकेक नाव सांगत होता. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. मी भारावलो आणि त्याच्या धैर्यावर दोन रकाने लिहिले. ते कात्रण छावणीत हातोहात फिरले.

वर्षभराने पुन्हा गेलो, तेव्हा तो छपराखाली निजत नव्हता. शाळेत येई, पण बोलत नसे. त्याच्या गुरुजींनी मला बाजूला घेऊन सांगितले, "हा अजून रडलेला नाही." त्यांनीच पुढे त्याला सोलापूरला डॉक्टरांकडे नेले. उपचार दीर्घकाळ चालले. आज तो संसारी गृहस्थ आहे. काही वर्षांपूर्वी भेटला, तेव्हा हसत हसत म्हणाला, "साहेब, तुमच्या बातमीनंतर मला रडायचीही चोरी झाली होती." तो हसत होता, मला मात्र हसता आले नाही.

गुण खोटा नव्हता. त्याचे धैर्य खरेच होते. परंतु धैर्य आणि दुखणे एकाच मनात एकाच वेळी नांदू शकतात, हे मला कळले नव्हते.

गुणांचा उपयोग नाही, असे मात्र कोणी समजू नये. क्रिस्टोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिगमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००४ साली मानवी स्वभावातील २४ गुणांची पद्धतशीर मांडणी केली. पुढे २००६ साली नान्सूक पार्क आणि पीटरसन यांनी किशोरवयीनांविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या मुलांत आशा, उत्साह आणि नेतृत्व अधिक, त्यांच्यात खिन्नता आणि चिंता कमी आढळली. ज्यांच्यात चिकाटी, प्रामाणिकपणा, विवेक आणि स्नेह अधिक, त्यांच्यात आक्रमकतेसारखे वर्तनदोष कमी आढळले. येथे थोडे थांबावयास हवे. चिकाटीचा संबंध दिसला तो बाहेर फुटणाऱ्या त्रासाशी. आत मुरणाऱ्या त्रासाशी संबंध दिसला तो प्रामुख्याने आशेचा आणि उत्साहाचा. आपण घरोघरी स्तुती कशाची करतो? चिकाटीची! बारा-बारा तास अभ्यासिकेत बसणारा मुलगा वर्तनाने उत्तमच असतो. तो आतून कसा आहे, याची ग्वाही त्याची बैठक देत नाही.

आणखी एक सावधगिरी. असा संबंध आढळला म्हणजे कारण सापडले, असे होत नाही. उत्साह कमी म्हणून मन खिन्न झाले की मन खिन्न झाले म्हणून उत्साह ओसरला? खिन्नतेच्या आजाराचे लक्षणच मुळी उत्साह जाणे हे आहे. अशा मुलाला "तुझ्यात जिद्दच नाही" असे सुनावणे म्हणजे ताप आलेल्याला "अंग गरम का केलेस?" असे विचारणे होय.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांना मानसिक विकार आढळला. साठ मुलांच्या वर्गात ही चार मुले होतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातील १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदलेल्या आहेत आणि राज्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला आहे. एवढ्या मोठ्या हानीचे कारण एकच एक नसते. वृत्तपत्रे मात्र दुसऱ्या दिवशी 'नापास झाल्याने' असे लिहून मोकळी होतात. आम्हीही लिहिले आहे.

आपल्या शहराकडे पाहा. जालना, बीड, परभणी, हिंगोलीच्या खेड्यांतून मुले येथे शिकवणी वर्गांसाठी येतात. चौघांत एक खोली, खानावळीचा डबा. वडिलांनी पीक कर्जाच्या शेजारी आणखी एक कर्ज ठेवलेले असते. रात्री फोन येतो आणि पहिला प्रश्न असतो, "टेस्टमध्ये किती पडले?" ही मुले समजूतदार असतात. घरची ओढाताण ती जाणतात, म्हणूनच "सगळे बरे आहे" असे सांगतात. त्यांचा समजूतदारपणाच त्यांच्या तोंडावर हात ठेवतो. उनाड मुलाचे दुखणे निदान चारचौघांत दिसते. शहाण्या मुलाचे कोण पाहणार?

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना आहे आणि तिचा आरंभ अभयापासून होतो. सत्य, दान, तप ही सारी त्यानंतर येतात. आपल्या भाषेत या शब्दाची एक गंमत आहे. चिकाटी कोणी कोणाला देत नाही, ती ज्याची त्याला अंगी बाणवावी लागते. अभय मात्र दिले जाते. थोरल्याने ते धाकट्याला द्यावयाचे असते. "मला झोप येत नाही, मला भीती वाटते" हे वाक्य घरात उच्चारले गेले, तर त्याचे व्याख्यान होणार नाही, तुलना होणार नाही, आईच्या डोळ्यांना लगेच पदर लागणार नाही, एवढे अभय मुलाला हवे असते. त्या गुरुजींनी नेमके हेच केले होते. त्यांनी मुलाची पाठ थोपटली नाही; संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर ते त्याच्याजवळ नुसते बसत. डॉक्टरांकडे नेले, तेही लपूनछपून नव्हे, आणि औषध चालू असताना हजेरीपट लिहिण्याचे काम त्याच्याकडेच ठेवले. नावे लक्षात ठेवणे हा त्याचा गुण होता. तो त्यांनी मोडीत काढला नाही, मिरवलाही नाही.

झोप, भूक, मित्र, खेळ यांत दोन आठवडे बदल टिकून राहिला, तर वाट पाहू नये. आपल्या घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. ऑक्टोबर २०२२ पासून शासनाची 'टेलि-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६. तो मुलांच्या वहीत असावा आणि आपल्याही.

माझ्यानंतर डॉक्टर बोलणार आहेत. प्रश्न त्यांनाच विचारावेत. मागच्या रांगांत काही विद्यार्थीही बसलेले दिसतात. पहिला प्रश्न त्यांच्यापैकी कोणाचा असेल, तर आपण पालकांनी मागे वळून पाहू नये, एवढी विनंती करून थांबतो.