मुक्कामी गाडीचा हिशोब

आज बोलूया आपल्या एसटीबद्दल. १ जून १९४८ ला पुणे–नगर मार्गावर पहिली गाडी धावली, हे बहुतेकांना ठाऊक असतं. मला मात्र एसटी म्हटलं की आमच्या गावची मुक्कामी गाडी आठवते. रात्री शेवटची फेरी घेऊन यायची, ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपायचे, आणि पहाटे तीच गाडी तालुक्याला निघायची. आत कॉलेजची आम्ही पोरं, दवाखान्यात निघालेली एखादी आजी. बाकी गाडी रिकामीच.

मग अशी तोट्यातली फेरी चालवायची कशाला? गंमत बघा, १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्यात दोन्ही गोष्टी आहेत. कलम १८ म्हणतं, पुरेशी आणि परवडणारी सेवा द्या. कलम २२ म्हणतं, कारभार धंद्याच्या तत्त्वावर करा. ही ओढाताण रोजचीच.

सवलतींचंही तसंच. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास आहे. सवलत सरकार जाहीर करतं, म्हणून राहिलेली रक्कमही सरकारनंच द्यायची असते. ती वेळेवर आली नाही, की डिझेल आणि पगार अडतात.

माझं म्हणणं एवढंच, की रिकाम्या फेरीचा खर्च उघडपणे सरकारच्या खात्यात मांडा. कारण पहाटेची गाडी बंद झाली, की सगळ्यात आधी शिक्षण सुटतं ते अकरावीतल्या मुलीचं. तो तोटा कुठल्या वहीत लिहिणार?

भेटू पुढच्या भागात.